युद्धकालीन लढाऊ विमानांची अचूक स्केल मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची मॉडेल्स बनवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न अगदी नव्यांसाठी आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. जो मुद्दा एकदा सविस्तर सांगितला आहे तो पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. १/७२, १/४८, १/३२ म्हणजे नेमकं काय? मी कोणतं घेऊ?

खऱ्या विमानाचं कोणतंही माप खालच्या आकड्याने भागलं की मॉडेलवरचं माप मिळतं. स्पिटफायर मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती) च्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये १५६ मिलिमीटर, १/४८ मध्ये २३४ आणि १/३२ मध्ये ३५१.

१/७२ मध्ये विमानांचे प्रकार भरपूर मिळतात आणि कपाटातली जागा कमी लागते. १/४८ मध्ये कॉकपिटमधली घड्याळं, पट्टे, लिव्हर नीट रंगवता येतात. १/३२ दिसायला देखणं, पण रंगवायचा पृष्ठभाग १/७२ च्या जवळजवळ पाचपट होतो आणि चूकही तितकीच मोठी दिसते. अभ्यासाची आवड असेल तर मी १/४८ सुचवेन. कोणतंही घ्या, पण एकच धरून ठेवा. स्पिटफायरशेजारी त्याच स्केलचं मेसरश्मिट १०९ ई ठेवलं की ते किती चिमुकलं होतं हे डोळ्यांना पटतं. त्याचा विस्तार ९.८७ मीटरच होता.

२. पहिलं मॉडेल कोणत्या विमानाचं करावं?

एक इंजिन, एक पंख, दोन-तीन सपाट रंग. स्पिटफायर, हरिकेन, पी-४० यांपैकी काहीही चालेल. चकचकीत धातूचं मस्टँग आणि बाजूंवर ठिपक्यांचा कॅमोफ्लाज असलेलं १०९ पहिल्या खेपेला नको. रंगाचा हात बसेपर्यंत दोन्ही मन खट्टू करतात.

३. किटच्या डब्यात रंगांचा तक्ता आणि डेकल (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांची चित्रं) असतात. तेवढ्यावर "अचूक" मॉडेल होत नाही का?

चांगलं मॉडेल होतं. अचूक होईलच असं नाही.

माझं ठाम मत असं की "स्पिटफायरचं मॉडेल" असं काही नसतंच. असतं ते एका विशिष्ट स्पिटफायरचं, एका विशिष्ट दिवशीचं मॉडेल. त्याच विमानाला मे महिन्यात एक राउंडेल (देशाच्या ओळखीचं रंगीत वर्तुळ) होतं, ऑगस्टमध्ये दुसरं. मधल्या काळात पंखाचं टोक बदललं, नवा प्रोपेलर आला, पायलट बदलला तसं नाव पुसलं गेलं. डब्यातला तक्ता बहुतेकदा दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी एकाच चित्रात मांडतो, कारण चित्रकाराला त्या वेगवेगळ्या फोटोंतून मिळालेल्या असतात. म्हणून आधी विमान ठरवा, मग तारीख ठरवा, मग डबा उघडा. खालची बहुतेक उत्तरं या एका सवयीतून निघतात.

४. मग विमान निवडायचं कसं? मला एखाद्या प्रसिद्ध पायलटचं करायचं आहे.

आधी फोटो, मग पायलट. ज्या विमानाचा निदान एक स्वच्छ फोटो आहे तेच निवडा. दोन्ही बाजूंचे असतील तर भाग्यच.

प्रसिद्ध पायलटांच्या बाबतीत एक खड्डा ठरलेला आहे: त्यांनी एकामागून एक अनेक विमानं वापरली आणि सगळ्यांवर क्रमांक तोच ठेवला. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या जर्मन पायलट हान्स-योआखिम मार्सेल याचं "पिवळं १४" हे एक विमान नाही. त्याने एकापेक्षा जास्त १०९ एफ-४ वर १४ आकडा लावला होता, आणि ३० सप्टेंबर १९४२ रोजी त्याचा मृत्यू झाला तो १०९ जी-२ मध्ये. एका फोटोतला रडर (शेपटीचं उभं, हलतं पान) आणि दुसऱ्यातलं नाक घेतलं की जगात कधीच नसलेलं विमान तयार होतं. यावर उपाय रडरवरच आहे. पाडलेल्या विमानांच्या खुणा वाढत जातात, म्हणून खुणा मोजल्या की कोणता फोटो आधीचा आणि कोणता नंतरचा ते लावता येतं.

५. फोटोवर तारीखच नाही. काळ कसा ओळखायचा?

विमानावरच्या खुणा हेच कॅलेंडर. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांवर हे फार छान चालतं, कारण त्यांचे आदेश तारखेनिशी निघत.

ब्रिटिश लढाऊ विमानांचं पाहा. धडावरच्या राउंडेलभोवती पिवळं कडं आलं मे १९४० मध्ये. खालची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी होती ती जून १९४० पासून "स्काय" या फिकट हिरवट रंगात गेली. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरचं टोपण) आणि शेपटीपुढचा पट्टाही स्काय झाला. ऑगस्ट १९४१ मध्ये वरचा तपकिरी जाऊन तिथे ओशन ग्रे आला, खाली मीडियम सी ग्रे, आणि पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी. मे १९४२ पासून धडावरच्या राउंडेलमधलं पांढरं आणि पिवळं कडं बारीक झालं. जानेवारी १९४५ मध्ये युरोपात पुढच्या आघाडीवरच्या विमानांचा स्काय पट्टा काढून टाकण्याचा आणि स्पिनर काळे करण्याचा आदेश निघाला.

अमेरिकन ताऱ्यातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये गेला. जून १९४३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंना पांढरे आयत आले आणि सगळ्याभोवती लाल किनार. ती लाल किनार ऑगस्टमध्ये निळी करण्याचा आदेश आला. म्हणजे लाल किनारीचा फोटो दिसला की १९४३ चा उन्हाळा जवळजवळ नक्की.

"जवळजवळ" म्हणण्याचं कारण असं की आदेश निघाला त्या दिवशी सगळी विमानं रंगली नाहीत. दूरच्या तळावर महिनोन् महिने जुनी खूण राहायची. आदेशाची तारीख ही "याच्या आधी नाही" एवढंच सांगते.

६. फोटो कृष्णधवल आहे. त्यावरून रंग कसा ठरवू?

करड्या छटेवरून थेट रंग ठरवता येत नाही, आणि यात सर्वात जास्त फसगत होते ती फिल्मच्या प्रकारामुळे. त्या काळी दोन प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. पॅनक्रोमॅटिक फिल्म साधारण डोळ्याला दिसतं तशा छटा देते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. तिच्यावर लाल जवळजवळ काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा मात्र फिकट होतो.

कोणती फिल्म आहे हे ओळखायला फोटोतच एक रंगपट्टी असते: राउंडेल. ब्रिटिश राउंडेलचे रंग आपल्याला आधीच ठाऊक आहेत. बाहेरचं पिवळं कडं उजळ दिसत असेल तर फिल्म पॅनक्रोमॅटिक. तेच कडं काळपट आणि आतलं निळं फिकं दिसत असेल तर ऑर्थोक्रोमॅटिक. आता त्याच फोटोतल्या स्पिनरकडे पाहा. तो काळा दिसतोय म्हणून काळा रंगवायचा नाही. तो लाल असू शकतो, पिवळाही असू शकतो.

माझ्याकडे एका हरिकेनचा फोटो होता. त्यावर राउंडेलचं बाहेरचं कडं इतकं गडद होतं की मी ते पिवळं नसलेलं जुनं राउंडेल समजलो आणि फोटो सात-आठ महिने आधीचा धरला. भिंग लावून बघितल्यावर निळ्या आणि गडद यांच्यामधली एक पुसट रेघ दिसली. कडं होतं, पिवळंच होतं. तारीख बदलली आणि तिच्यामागून खालच्या बाजूचा रंगही.

उन्हाचाही विचार करा. डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन हे दोन रंग कित्येक फोटोंत एकमेकांत मिसळून जातात आणि विमान एकरंगी भासतं. अशा वेळी सावलीतला भाग बघा, तिथे सीमारेषा सापडते.

७. संग्रहालयात खरं विमान उभं आहे. ते बघून रंगवलं तर चूक कशी होईल?

आकारासाठी संग्रहालयासारखा पुरावा नाही. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, पत्र्यांचे सांधे, बिजागऱ्या यांचे फोटो मनसोक्त काढा. रंगासाठी मात्र जपून. बहुतेक विमानं युद्धानंतर दोन-तीनदा रंगवली गेली आहेत, काहींवर मुळात वेगळ्याच स्क्वाड्रनच्या खुणा चढवल्या आहेत. उडत्या स्थितीत ठेवलेल्या विमानांत तर नवे रेडिओ, नवे पट्टे, चकचकीत आधुनिक रंग असतात.

अपवाद आहेत आणि ते सोन्यासारखे आहेत. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं स्पिटफायर पी९४४४ आणि इम्पिरियल वॉर म्युझियममधलं आर६९१५ ही दोन्ही १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतली विमानं आहेत. कोणतंही विमान बघताना त्याचा जीर्णोद्धार कधी झाला हे आधी शोधा. मी एकदा एका संग्रहालयातल्या विमानावरून कॉकपिटचा हिरवा जुळवला. नंतर कळलं की तो रंग जीर्णोद्धाराच्या वेळी हाताशी होता म्हणून वापरला होता.

८. एकाच विमानाचे तीन आराखडे आहेत आणि तिन्ही जुळत नाहीत. खरा कोणता?

कदाचित एकही नाही. अनेक छापील आराखडे जुन्या आराखड्यांवरून काढलेले असतात, त्यामुळे एकाची चूक पुढे चालत राहते. तपासणी अशी करा. आधी विस्तार, लांबी, प्रोपेलरचा व्यास आणि चाकाचा व्यास ही प्रसिद्ध मापं घ्या, स्केलने भागा आणि पट्टीने ताडून पाहा. चारही जुळली तर आराखडा विश्वासाचा. मग तो बाजूने घेतलेल्या, दुरून काढलेल्या फोटोशी ताडा. जवळून, रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपटी बारीक होते. त्यावर आराखडा ठेवून निष्कर्ष काढू नका. निर्मात्याच्या मूळ कागदांत चौकटींची अंतरं एका ठरावीक बिंदूपासून दिलेली असतात. ती मिळाली तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

प्रिंट काढताना "पानावर बसवा" हा पर्याय बंद असल्याची खात्री करा. त्याने चित्र ९७ टक्के झालं तरी १५६ मिलिमीटरचा पंख १५१ वर येतो. खऱ्या विमानात ही चूक फुटाहून मोठी आहे. उभी आणि आडवी दोन्ही मापं तपासा, कारण काही प्रिंटर एकाच दिशेने ताणतात.

९. "या किटचं नाक चुकलंय" असं सगळे म्हणतात. दुरुस्त करायलाच हवं का?

आधी प्रश्न ८ प्रमाणे स्वतः मोजा. पुष्कळदा आक्षेप चुकीच्या आराखड्यावर बेतलेला असतो. चूक खरी निघाली तर मी एकच कसोटी लावतो: हातभर अंतरावरून विमानाचा चेहरा बदलतो का? कॅनपीची (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाची) उंची, स्पिनरचा व्यास, चाकांचा कोन, पंखाच्या मुळाशी असलेला बाक यांनी चेहरा बदलतो. धड अर्ध्या मिलिमीटरने आखूड असेल तर नाही.

१०. स्पिटफायर मार्क ५ च्या किटवर मार्क ९ चे डेकल लावले तर चालेल का?

नाही. मार्क ९ मध्ये दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन इंजिन आलं, त्यामुळे नाक लांब झालं, प्रोपेलर चार पात्यांचा झाला आणि दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर आले. मार्क ५ ला पाती तीन, आणि एका पंखाखाली रुंद रेडिएटर तर दुसऱ्याखाली छोटा ऑइल कूलर.

अशाच जोड्या इतरत्रही आहेत. जपानी झीरोच्या ए६एम२ चा विस्तार १२ मीटर, तर ए६एम३ मॉडेल ३२ ची टोकं कापून तो ११ मीटर केला होता. सुरुवातीच्या पी-५१डी (मस्टँग) विमानांना शेपटीपुढचा त्रिकोणी, उभा फिन नव्हता, आणि तो नंतर तळावरही बसवला गेला. म्हणजे एकाच विमानाचे फिनशिवाय आणि फिनसह असे दोन फोटो मिळू शकतात, आणि दोन्ही खरे असतात.

११. पंखांना किती कोन द्यायचा? किटमध्ये खाच आहे, तरी पंख हलतात.

स्पिटफायरचे पंख मुळापासून सहा अंश वर जातात. १/७२ मध्ये टोक मुळापेक्षा सुमारे आठ मिलिमीटर वर यायला हवं. एका अंशाची चूक टोकाशी सव्वा मिलिमीटरहून अधिक भरते, आणि समोरून पाहिल्यावर ती लगेच खटकते. जाड पुठ्ठ्यात समोरच्या आराखड्यावरून खाच कापा, मॉडेल त्यात ठेवा आणि सिमेंट पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे रात्रभर, हात लावू नका. मी हा पुठ्ठा प्रत्येक विमानासाठी करतो आणि जपूनही ठेवतो.

स्पिटफायरच्या पंखात आणखी एक बारकावा आहे. मुळाशी तो दोन अंश वर रोखलेला असतो आणि टोकाशी अर्धा अंश खाली. मागून, टेबलाच्या उंचीवर डोळा आणून पाहिलं की हा पीळ दिसतो. किटचा पंख वाकवून तो सपाट करू नका.

१२. कॉकपिट आणि चाकांच्या खोबणीचे रंग कोणते?

देश आणि वर्ष सांगितल्याशिवाय उत्तर नाही. ब्रिटिश विमानांत करडा-हिरवा. स्पिटफायरची बैठक मात्र पुष्कळदा लालसर तपकिरी. ती रेझिनमध्ये दाबलेल्या थरांची असे. जर्मन विमानांत आधी आरएलएम ०२ (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) हा करडा-हिरवट, पुढे आरएलएम ६६ हा जवळजवळ काळा करडा. मस्टँगच्या खोबणीत मागची आडवी तुळई पिवळ्या झिंक क्रोमेटची (गंजरोधक लेपाची), बाकीचा बराच भाग उघड्या धातूचा. कॉकपिटची जमीन लाकडी फळ्यांची आणि वर काळा लेप.

जपानी विमानांतल्या आओताके या पारदर्शक निळसर-हिरव्या लेपाबद्दल फार विचारणा होते. तो धातूवर चढवलेला संरक्षक लेप आहे, म्हणून खाली चंदेरी देऊन वर पातळ रंग मारला तरच तो जिवंत दिसतो. पण झीरोमध्ये तो सरसकट लावू नका. मित्सुबिशीच्या सुरुवातीच्या विमानांत चाकांच्या खोबणीत खालच्या बाजूचाच करडा रंग असे.

१३. पॅनल लाइन आणि रिव्हेट किती ठळक हवेत?

हिशेब करून पाहा. १/७२ मध्ये ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरहून रुंद फट. अशा फटींचं विमान उडवायला कुणी बसणार नाही. रेघा बारीक ठेवा आणि वॉश (रेघांत सोडायचा पातळ रंग) काळा नको. खालच्या रंगाहून एक-दोन छटा गडद पुरे.

रिव्हेट सर्वत्र सारखे नसत. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीनमध्ये सपाट रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून चाचणी घेतली होती. उंचवट्याच्या रिव्हेटचा वेगावर किती परिणाम होतो ते त्यातून बघायचं होतं, आणि फरक ताशी २२ मैलांपर्यंत निघाला. नंतर दाणे थोडे थोडे खरवडून काढत, कुठले रिव्हेट उंचवट्याचे ठेवले तर चालतील ते शोधलं गेलं. म्हणून पंखाची पुढची कड गुळगुळीत हवी.

कापडी भागांवर, म्हणजे रडर, एलिव्हेटर (शेपटीची आडवी, हलती पानं), हरिकेनचं मागचं धड यांवर, कापड फासळ्यांमध्ये झोळीसारखं लोंबत नाही. ते डोप नावाच्या लेपाने ताणलेलं असतं. किटमधले उंचवटे खोल वाटले तर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके करा.

१४. मस्टँग पूर्ण चकचकीत धातूचं करायचं आहे. कोणता चंदेरी रंग वापरू?

धड आणि पंख यांना एकच चंदेरी देऊ नका. ही चूक सुंदर बनवलेल्या मॉडेल्सवरही दिसते. पी-५१डी चं धड उघड्या ॲल्युमिनियमचं असलं तरी पंख तसा नव्हता. त्याच्या आकारामुळे मिळणारा फायदा टिकावा म्हणून पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने भरले जात, घासून एकसंध केले जात आणि वर ॲल्युमिनियमचा रंग चढे.

म्हणून मॉडेलवर पंखाच्या पुढच्या भागातल्या रेघा पुट्टीने भरा. बंदुकांच्या कप्प्यांची झाकणं आणि इंधनाचं टोपण तेवढं ठेवा. पंखाला थोडा निस्तेज, सपाट चंदेरी आणि धडाला धातूची चमक, तीही पत्र्यागणिक थोडी वेगळी. हे दोन पृष्ठभाग शेजारी आले की मॉडेल एकदम खरं वाटू लागतं. आणि चंदेरीखाली घासल्याचा ओरखडा लपत नाही. २००० नंबरपर्यंत घासून मगच रंगाकडे वळा.

१५. बरोबर नंबरचा रंग घेतला, तरी मॉडेल फार गडद दिसतं. का?

खरं विमान आपण पन्नास-शंभर फुटांवरून बघतो, मधली हवा रंग फिका करते. मॉडेल हातभर अंतरावर असतं. त्यामुळे रंगात थोडा पांढरा किंवा फिकट करडा मिसळावा लागतो. १/७२ मध्ये जास्त, १/३२ मध्ये कमी. प्रमाण डोळ्यानेच ठरवा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा कुठेच नको, टायरलाही गडद करडाच द्या.

१६. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) उघडे दाखवू का? सुट्या भागांत मिळतात.

स्पिटफायरवर दाखवू नका. त्याचे फ्लॅप पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडे, अशा दोनच स्थितींत राहत आणि उतरल्यावर पायलट ते लगेच बंद करत. उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप उघडे असलेले फोटो दुरुस्तीच्या वेळचे असतात.

मस्टँगचं उलट. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब ओसरतो, तशी चाकांची आतली झाकणं आणि फ्लॅप हळूहळू खाली येतात. उभं मस्टँग झाकणं बंद ठेवून दाखवायचं तर ते नुकतंच थांबलेलं आहे असं धरावं लागतं. बऱ्याच विमानांचे एलिव्हेटरही पायलट नसताना खाली झुकलेले असतात आणि कॉकपिटमधली दांडी त्याप्रमाणे पुढे असते. दोन्ही जुळवा.

१७. डेकलखाली चंदेरी चकाकी राहते. काय करू?

ती हवा आहे. खरबरीत मॅट रंगावर डेकल पूर्ण टेकत नाही. आधी ग्लॉस वार्निश, ते पूर्ण वाळल्यावर डेकल, मग डेकल मऊ करणारं द्रावण, शेवटी मॅट. राहिलेल्या बुडबुड्यांना बारीक सुईने टोचून पुन्हा द्रावण लावा.

१८. नॉर्मंडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी किती? आणि ते सरळ होते का?

एक इंजिनाच्या लढाऊ विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे १/७२ मध्ये ६.३५ आणि १/४८ मध्ये ९.५ मिलिमीटर. एकूण पाच: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. ते ६ जून १९४४ च्या, दोस्त राष्ट्रांच्या नॉर्मंडीवरच्या चढाईच्या, जेमतेम आधी, घाईघाईत, ब्रशनेसुद्धा मारले गेले. म्हणून डेकलपेक्षा रंगानेच करा आणि कडा अगदी कोरीव ठेवू नका. तारीख इथेही लागते: महिनाभरात वरच्या बाजूचे पट्टे काढायचा आदेश आला, वर्षअखेरीपर्यंत सगळेच गेले.

१९. रंग उडालेला, धूर, तेल किती दाखवावं?

फोटोत दिसेल तितकंच. फोटो नसेल तर कमी. जिथे माणसाचे पाय आणि हात पडतात तिथे झीज होते: पंखाचं मूळ, इंजिनच्या झाकणांचे स्क्रू, दारूगोळ्याची झाकणं.

एक चूक मात्र खास सांगायची आहे. प्रोपेलरच्या कडांवर चंदेरी ओरखडे मारायची सवय सगळ्यांना असते. पण स्पिटफायर मार्क ९ च्या रोटोल प्रोपेलरची पाती दाबलेल्या लाकडाची होती. त्यांतून ॲल्युमिनियम कसं दिसेल? तसंच ब्रिटिश विमानांच्या बंदुकांच्या तोंडांवर कापडी पट्टी चिकटवलेली असे आणि पहिल्याच गोळीबारात ती फाटे. पट्टी शाबूत असेल तर पंखाखाली बारुदाचा काळा डाग नको. डाग दाखवायचा असेल तर पट्टी फाटलेली हवी.

२०. जर्मन विमानाच्या शेपटीवरचं चिन्ह डेकलमध्ये दोन तुकड्यांत का येतं? ते लावावं का?

जर्मन कायद्यानुसार नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंधनं आहेत, म्हणून काही उत्पादक ते तुकड्यांत देतात, काही देतच नाहीत. इतिहास म्हणून मॉडेल करताना ते लावणं अचूकतेचा भाग आहे. पण स्पर्धेत किंवा प्रदर्शनात ठेवणार असाल तर तिथला नियम आधी विचारा. आपल्या घरातल्या स्वस्तिकाशी त्याचा संबंध जोडला जातो तेव्हा बघणाऱ्याला दोन वाक्यांत समजावून सांगणं मी कर्तव्य समजतो.

फिनलंड हा वेगळा विषय आहे. फिनिश हवाई दलाने पांढऱ्या वर्तुळातलं निळं स्वस्तिक १९१८ मध्ये स्वीकारलं, म्हणजे नाझी पक्षाच्या उदयाआधी, आणि विमानांवर ते १९४५ पर्यंत वापरलं. फिनिश १०९ वर जर्मन डेकल लावू नका.

२१. माझ्या फोटोतलं विमान कोणत्याच नियमात बसत नाही. फोटो बनावट असेल का?

बहुतेकदा नसतो. नियमाला अपवाद होतेच. ब्रिटिश विमानांवर स्क्वाड्रनची दोन अक्षरं आणि विमानाचं एक असे, पण विंग कमांडर स्वतःची आद्याक्षरं वापरू शकत. जॉनी जॉन्सन यांच्या स्पिटफायर ईएन३९८ वर जेई-जे होतं. तो स्क्वाड्रनचा कोड समजून शोधत बसाल तर सापडणार नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राउंडेलमधला लाल रंगच काढून टाकला होता, जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. तिथे गडद आणि फिका निळा वापरला गेला, आणि पंखांवर, शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे आले. अमेरिकन स्क्वाड्रन स्पिटफायरवर आपला तारा लावून उडत. हे सगळं तपासल्यावरही कोडं सुटलं नाही तर प्रश्न ६ कडे परत जा.

२२. मॉडेल शेपटीवर बसतं. नाक खाली राहतच नाही.

पुढे चाक असलेल्या विमानांत, म्हणजे पी-३८, मेसरश्मिट २६२ वगैरे, नाकात वजन भरावं लागतं. धड चिकटवण्याआधी सगळे भाग टेपने जोडून मुख्य चाकांच्या जागी पेन्सिलवर तोलून बघा आणि लागेल त्याहून थोडं जास्त वजन भरा. रंगाने मागची बाजू आणखी जड होते.

२३. फक्त डाव्या बाजूचा फोटो आहे. उजवी बाजू तशीच धरू का?

धरू नका. डाव्या बाजूला स्क्वाड्रनची अक्षरं राउंडेलच्या पुढे असली तरी उजव्या बाजूला काही स्क्वाड्रन तीच अक्षरं पुढे ठेवत, तर काही मागे. त्याच स्क्वाड्रनच्या इतर विमानांचे उजव्या बाजूचे फोटो त्याच काळातले शोधा आणि त्यांची रीत उचला. नाकावरचं चित्र किंवा नाव तर बहुधा एकाच बाजूला असे.

२४. मॉडेल पूर्ण झालं आणि नंतर नवा फोटो सापडला. आता?

मी प्रत्येक मॉडेलमागे एक पाकीट ठेवतो. त्यात फोटोच्या प्रती, रंगांच्या मिश्रणाचं प्रमाण आणि प्रत्येक निर्णयापुढे एक शब्द: "दिसतं", "बहुधा" किंवा "अंदाज". नवा पुरावा आला की पाकीट उघडायचं. "अंदाज" लिहिलेली गोष्ट चुकली असेल तर ती बदलायला जड जात नाही.

माझ्या एका मार्क ५ च्या उजव्या बाजूची अक्षरं "अंदाज" होती. चार वर्षांनी त्याच विमानाचा उजवीकडून काढलेला फोटो हाती आला आणि अक्षरं उलट्या क्रमाने निघाली. मॅट वार्निशवर चिकट टेप दाबून जुनी अक्षरं उचलली, खालचा ओशन ग्रे पाकिटातल्या प्रमाणाने पुन्हा मिसळला, डाग झाकला आणि नवी अक्षरं स्टेन्सिलने रंगवली. दोन संध्याकाळी गेल्या. पाकिटावरचा "अंदाज" खोडून तिथे "दिसतं" लिहिलं.